तीन जिवांची तयारी : बेळगावातील जुळ्यांच्या एका पालकवर्गाविषयी

आपल्याकडे गरोदर बाईला ‘दोन जिवांची’ म्हणतात. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पोटात दोन गर्भ असल्याचे कळले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी तो हिशेब दुरुस्त केला : ‘आता तीन जिवांची म्हणायला पायजे की गं.’ त्यानंतरचे आठ दिवस घरी येणारी प्रत्येक बाई मला एकच प्रश्न विचारत होती, की मी कधी जुळे केळे खाल्ले होते का. जुळ्यांविषयी आमच्या गल्लीत उपलब्ध असलेले ज्ञान बहुतेक याच जातीचे असल्यामुळे, प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी एका वर्गाचे नाव सुचवले तेव्हा आम्ही दोघांनी फारसा विचार न करता नाव नोंदवले.

शहरातील एका खासगी प्रसूतिगृहात, जुळी किंवा तिळी अपेक्षित असलेल्या जोडप्यांसाठी सहा रविवारांचा हा वर्ग चालतो. दर रविवारी सकाळी दहा ते साडेबारा अशी वेळ असून एका जोडप्याचे शुल्क साडेतीन हजार रुपये आहे, आणि पाचव्या रविवारी घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला वेगळे पैसे न भरता सोबत आणता येते. प्रसूतिगृहाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि त्या मी व्यवस्थापनाला स्वतंत्रपणे लेखी कळवलेल्या आहेत.

आमच्या तुकडीत सहा जोडपी होती. शहापूर आणि वडगावची आम्ही तिघे, बाकीची खानापूर, निपाणी आणि चंदगड तालुक्यातून येणारी. वर्ग घेणाऱ्या बाई प्रसूतिकक्षात अनेक वर्षे काम केलेल्या परिचारिका आहेत. सगळेजण त्यांना ‘सिस्टर’च म्हणतात. त्यांची मातृभाषा कन्नड, पण मराठी बेळगावची, म्हणजे आमचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी कन्नडमधून ‘अवळी-जवळी’ असा शब्द वापरला आणि खानापूरच्या बाईंनी लगेच मान डोलावली, कारण त्यांच्या आजीच्या तोंडी जुळ्यांसाठी ‘आवळी-जावळी’ हाच शब्द होता. दोन्ही भाषांना या बाबतीत भांडण्यासारखे काही नाही हे पाहून वर्गातला अवघडलेपणा बराचसा गेला.

पहिल्या रविवारी सिस्टरांनी टेबलावर भुईमुगाच्या शेंगा ओतल्या. मला वाटले, नाश्ता. त्यांनी दोन सुट्या शेंगा उचलून आमच्यासमोर ठेवल्या, मग एकच शेंग फोडून तिच्यातले दोन दाणे दाखवले आणि विचारले की यातली जुळी कोणती. सगळ्यांनी अर्थातच एका शेंगेतले दाणे दाखवले. त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, तेवढ्या एका तासासाठीही मी शुल्क वसूल झाले असे म्हणेन. जुळी सारखी दिसणार की वेगळी, हा प्रश्न नातेवाइकांचा असतो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, वार (म्हणजे गर्भाशयातून बाळाला पोषण पुरवणारा अवयव, प्लासेंटा) एक आहे की दोन. दोन सुट्या शेंगा म्हणजे प्रत्येक बाळाची वार स्वतंत्र, टरफलही स्वतंत्र. एका शेंगेत दोन दाणे म्हणजे वार एकच, बाहेरचे टरफल एकच, पण प्रत्येक दाण्याला स्वतःचे लाल साल आहे, तशी प्रत्येक बाळाला पाण्याची पिशवी वेगळी. आणि दोन्ही दाणे एकाच सालीत असलेली शेंग मात्र त्यांना त्या ढिगात सापडली नाही. तसा गर्भही फार क्वचित असतो आणि सर्वांत जोखमीचा असतो, असे त्या म्हणाल्या.

या फरकाला एवढे महत्त्व का, हेही त्यांनी टरफलावर बोट ठेवून सांगितले. वार एकच असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात आणि अशा गर्भारपणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्क्यांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागते. देणाऱ्या बाळाभोवतीचे पाणी आटते, घेणाऱ्याभोवतीचे वाढते, आणि वेळेवर लक्षात आले नाही तर दोघेही धोक्यात येतात. म्हणून एका वारेच्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते, तर दोन वारा असतील तर साधारणपणे चार आठवड्यांनी चालते. वार एक की दोन हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात. नंतर ते ओळखणे अवघड होत जाते. चंदगडहून आलेल्या जोडप्याच्या अहवालात याचा उल्लेखच नव्हता. सिस्टरांनी त्यांना वर्ग संपेपर्यंतही थांबू दिले नाही. चिठ्ठी लिहून खालच्या मजल्यावर पाठवले. आमच्या अहवालात ‘दोन वारा’ असे लिहिलेले होते, पण त्या दिवसापर्यंत आम्ही ते वाक्य तपासणीच्या तारखेसारखे वाचून पुढे गेलो होतो.

दुसरा रविवार दिनदर्शिकेचा होता. प्रत्येक जोडप्याला भिंतीवरची जुनी दिनदर्शिका आणायला सांगितले होते, आणि सिस्टरांनी नववा महिना सरळ तांबड्या पेनाने खोडायला लावला. निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. सगळे सुरळीत असले तरी दोन वारांच्या जुळ्यांची प्रसूती सदतीस-अडतीस आठवड्यांच्या पुढे सहसा नेत नाहीत, आणि एका वारेच्या जुळ्यांची छत्तीस-सदतीसच्या पुढे नेत नाहीत. आपल्या घरांतले सगळे वेळापत्रक मात्र एका बाळासाठी बेतलेले असते : सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरची माणसे न्यायला येणार, मग नवव्यात बाळंतविड्याची खरेदी. जुळ्यांच्या बाबतीत या प्रत्येक गोष्टीला दीड महिना मागे आणावे लागते, नाही तर ती व्हायच्या आतच बाळे येऊन पोहोचतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याला पिशवी भरून दाराजवळ ठेवायची, असा नियम त्यांनी घालून दिला. माझ्या सासूबाईंना तो अपशकुनासारखा वाटला आणि त्यांनी पिशवी दाराजवळून उचलून देवघराखाली ठेवली. तडजोड वाईट नव्हती.

माहेरचा प्रश्न मात्र तडजोडीने सुटणारा नव्हता, आणि या वर्गाचे खरे मोल मला तिथे कळले. माझे माहेर चंदगड तालुक्यात, बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर पाटणे फाट्याच्या आत एका खेड्यात आहे. पहिले बाळंतपण माहेरी हा आमच्याकडचा रिवाज, आणि माझ्या आईने त्यासाठी मागच्या खोलीला नवे पत्रे घातले होते. माझे दिवस भर पावसाळ्यात भरत होते. आमच्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओढ्याला पाणी आल्यावर रस्त्याचे काय होते हे सांगायला नको. सिस्टरांनी माहेरी जाऊ नका असे एकदाही म्हटले नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न कागदावर लिहून दिला आणि तो नवऱ्याने आणि आईने मिळून सोडवावा असे सांगितले : बत्तिसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता पाणी गेले, तर तुम्ही कुठे असाल, आणि तिथून दोन रिकाम्या पेट्या किती अंतरावर आहेत? पेट्या म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्या. ‘दोन’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती, कारण एकच पेटी रिकामी असेल तर एक बाळ एका दवाखान्यात, दुसरे दुसऱ्या दवाखान्यात आणि बाळंतीण तिसऱ्याच ठिकाणी असा प्रकार घडतो. बाळाला जन्मानंतर रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असताना हलवणे अधिक सुरक्षित, हे वाक्य त्यांनी सहाही रविवारी उच्चारले असेल.

आईने तो कागद वाचला, घडी करून पदराला बांधला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी तीच बेळगावला आली. माहेर माझ्याकडे आले. पत्र्याच्या खोलीत सध्या भाताची पोती आहेत.

मुदतीआधी प्रसूती होण्याची चिन्हे दिसली तर बाळांची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. डेक्सामेथासोन असेल तर दर बारा तासांनी एक, अशी दोन दिवसांत चार. त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोहोचणे किती मोलाचे आहे हे सांगताना सिस्टरांनी आमच्या शहराचा एक संदर्भ दिला, जो मला माहीत नव्हता. हीच इंजेक्शने साधनांची चणचण असलेल्या देशांतही उपयोगी पडतात की नाही, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत मोठी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिच्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांचा वाटा होता. या इंजेक्शनांमुळे कमी दिवसांच्या नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण साडेतेवीस टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले होते. आपल्या गावात केळकर बाग आणि कुंदा यांच्यापलीकडेही सांगण्यासारखे काही आहे, ही जाणीव सुखावणारी होती.

तिसऱ्या रविवारी प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर येणार होते. ते पाऊण तास उशिरा आले आणि अर्ध्या तासात गेले. विषय मात्र त्यांचाच होता. पुढचे बाळ डोक्याकडून असेल तर जुळ्यांची प्रसूतीही नैसर्गिक रीतीने होऊ शकते, आडवे किंवा पायाळू असेल तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि एक बाळ नैसर्गिक रीतीने जन्मल्यावर दुसऱ्यासाठी शस्त्रक्रिया करण्याची वेळही कधीकधी येते, एवढे त्यांनी सांगितले. रक्तस्रावाचा भाग त्यांनी एका वाक्यात उरकला. तो पुढच्या वेळी सिस्टरांनी पुन्हा घेतला. दोन बाळांमुळे गर्भाशय नेहमीपेक्षा जास्त ताणलेले असते आणि प्रसूतीनंतर ते घट्ट आकसले नाही तर रक्त थांबत नाही. म्हणून रक्तगट जुळणारे दोन दाते आधीच सांगून ठेवावेत. याच धोक्यावर बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० स्त्रियांचा अभ्यास झाला होता आणि तो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्यास रक्तस्रावाचे प्रमाण बारा टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते, असे त्यात दिसले. तो अभ्यास जुळ्यांसाठी केलेला नव्हता. पण गावातल्या उपकेंद्रातील नर्सताईंनी दिलेल्या गोळ्यांनी एवढा फरक पडला, ही गोष्ट ऐकताना निपाणीच्या गृहस्थांनी पहिल्यांदा वहीत काही लिहिले.

आहाराच्या रविवारविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘तिघांचे खा’ हा सल्ला चुकीचा आहे, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची तिच्यासोबत घेऊ नये, आणि जुळ्यांत मधुमेहाची शक्यता वाढत असल्याने पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी चुकवू नये, हे सगळे डॉक्टरही सांगतात. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली होती. ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याची भाजी एवढ्या भांडवलावर हे शहर वाढलेले असताना ब्रोकोली कुणासाठी होती, हे कळले नाही.

वर्गाचा सर्वांत चांगला भाग होता पाचव्या रविवारचा प्रात्यक्षिकाचा. सिस्टरांनी जुन्या चादरींच्या बाहुल्या शिवून त्यांत ज्वारी भरली होती. प्रत्येक बाहुली बरोबर दोन किलोची, कारण जुळ्यांची वजने बहुधा त्याच्या आसपास असतात. दोन बाहुल्या एकाच वेळी दोन्ही काखांत धरून, डोकी पुढे आणि पाय मागे करून, मांडीवर उशी घेऊन पाजायला बसायचे होते. हे वाचताना सोपे वाटते. माझ्या डाव्या हातातली बाहुली सरकली, शिवण उसवली आणि ज्वारी खुर्चीखालून निपाणीकरांच्या पायांपर्यंत पसरली. सासूबाईंनी ती वेचता वेचता सिस्टरांना सांगितले की पुढच्या वेळी दुहेरी टाका घाला. त्या दिवशी सासूबाईंचे आणि वर्गाचे जे जमले, ते शेवटपर्यंत टिकले.

कमी दिवसांचे बाळ पहिल्या दिवसांत ओढून पिऊ शकत नाही, तेव्हा चीक हाताने काढून कशाने पाजायचा, यावरही बराच वेळ दिला गेला. सिस्टरांनी चोच असलेली छोटी वाटी काढली आणि कन्नडमध्ये तिला ‘ओळले’ म्हणतात असे सांगितले. ‘हे तर बोंडलं!’ असे खानापूरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या घरी चांदीचे होते आणि ते पाच बाळांनी वापरले होते. बाटलीपेक्षा ही वाटी स्वच्छ ठेवणे सोपे, म्हणून दवाखान्यांतही तीच वापरतात. फक्त बोंडल्याचे टोक बाळाच्या घशाकडे नेऊन दूध ओतायचे नाही, ते ओठाशी टेकवून बाळाला स्वतःला घेऊ द्यायचे, हा फरक त्यांनी प्रत्येकीकडून तीन-तीनदा करून घेतला.

मग पुरुषांची पाळी. कांगारू पद्धतीची सुरुवात १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत असताना झाली. बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधून ठेवायचे, आणि आता जागतिक आरोग्य संघटना ते दिवसाचे आठ ते चोवीस तास करायला सांगते. जुळ्यांच्या आईला हे एकटीने निभत नाही, म्हणून वडिलांनी शिकलेच पाहिजे. आमच्या घरच्यांनी यासाठी आजेसासूबाईंचे एक जुने शहापुरी लुगडे फाडून पट्टे केले. धुऊन धुऊन मऊ झालेले ते सूत बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही झोळीपेक्षा बरे, असे सिस्टरांनीही मान्य केले.

आता तक्रारी. पहिली, टिपणांची. वर्ग दोन्ही भाषांत होतो, परंतु छापील टिपणे फक्त इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहेत. भाषेच्या राजकारणात मला शिरायचे नाही, पण धोक्याच्या लक्षणांची यादी, म्हणजे न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणे, अचानक ताणलेले पोट, बाळांची हालचाल मंदावणे, ही रात्री घरात जी व्यक्ती जागी असेल तिला वाचता यायला हवी. आमच्या घरात ती व्यक्ती सासूबाई होत्या, आणि त्यांना मराठीखेरीज वाचता येत नाही.

दुसरी तक्रार सीमेची. सहापैकी दोघी महाराष्ट्रातल्या गावांशी बांधलेल्या होतो. तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचे सरकारी कार्ड) कर्नाटकाचे, रेशनकार्ड महाराष्ट्राचे, प्रसूती तिसरीकडे, अशा वेळी कोणती योजना कुठे लागू होते, आणि सीमेवरच्या शिनोळीजवळ १०८ ला फोन केला तर गाडी कोणत्या बाजूने येते, या प्रश्नांची उत्तरे वर्गात कुणाकडेच नव्हती. बेळगावात असा वर्ग चालवायचा तर एखाद्या रविवारी दोन्हीकडच्या आशाताईंना बोलवायला हवे.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही हे मला ठरवता आलेले नाही. चौथ्या रविवारी एक जोडपे आले नाही. पाचव्या रविवारी त्यांच्या दोन खुर्च्याही नव्हत्या. सिस्टरांनी काही सांगितले नाही, कुणी विचारले नाही आणि वर्ग पुढे गेला. जुळ्यांच्या गर्भारपणात एक बाळ किंवा दोन्ही गमावण्याची शक्यता एका बाळापेक्षा जास्त असते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. त्याविषयी सहा रविवारांत एकही वाक्य बोलले गेले नाही. भीती वाढू नये हा हेतू असेल. पण त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसण्याने भीती कमी झाली नाही. प्रसूतीनंतर आईच्या मनावर येणाऱ्या मळभाविषयीही असेच, जाता जाता, दोन मिनिटे.

माझी प्रसूती छत्तिसाव्या आठवड्यात झाली. पुढचे बाळ पायाळू असल्यामुळे शस्त्रक्रिया झाली, वजने दोन किलो शंभर आणि एक किलो नऊशे. धाकटा सहा दिवस पेटीत होता, थोरली माझ्यापाशी. त्या सहा दिवसांत चीक काढणे, वाटीने पाजणे आणि पट्टा बांधणे यांपैकी एकही गोष्ट आम्हाला नवी नव्हती. दवाखान्यातल्या नर्सताईंनी पट्टा कसा बांधायचा हे दाखवायला सुरुवात केली, तोवर यांनी शर्टाची बटणे काढलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या जुळ्यांच्या वडिलांना ते सगळे त्याच दिवशी, घाबरलेल्या अवस्थेत शिकावे लागत होते. हा फरक साडेतीन हजार रुपयांचा नक्कीच होता.

धोक्याच्या लक्षणांची यादी मी मराठीत लिहून सिस्टरांकडे दिली आहे आणि पुढच्या तुकडीपासून तिच्या प्रती वाटण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ज्यांना वर्ग करायचा आहे त्यांनी मात्र चौथ्या महिन्यातच चौकशी करावी. सहा जोडप्यांपेक्षा जास्त घेत नाहीत, आणि सहाव्या महिन्यात आलेल्या दोघींना आमच्या वेळी जागा नसल्यामुळे परत जावे लागले होते. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे; उद्वाहक चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.